गाडीत न बसलेली पंचावन्न माणसं

पहाटे पाच दहा ते पाच बेचाळीस या बत्तीस मिनिटांत उंबरधारच्या गाडीतळाकडे चौसष्ट माणसं चालत आली. त्यांच्याबरोबर तीन कुत्री, एक शेळी आणि हाताने ढकलत आणलेली एक सायकल होती. पाच चव्वेचाळीसला गाडी सुटली, तेव्हा चालक-वाहक सोडून गाडीत नऊ माणसं होती. पुढच्या तासाभरात तीन कुत्री वाड्यांकडे परत गेली. माणूस एकही परत गेलं नाही.

चौसष्टातून नऊ गेली, उरली पंचावन्न. रविवार सोडून सलग अकरा दिवस हीच तऱ्हा. कधी त्रेपन्न उरत, कधी सत्तावन्न, पण उरत नक्की.

"डोंगर गिळतो त्यांना," फैयाज मुल्ला म्हणाला. "माझी आजी सांगायची, त्या धारेवर साती आसरा आहेत म्हणून."

"अकरा दिवसांत सहाशे माणसं गिळली असती तर गावात मतदार उरले नसते," शर्वरी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

साकरगडच्या पंचायत समितीत पूर्वी बियाण्यांचं गोदाम होतं, त्या खोलीत आता जिल्हा परिषदेचा प्रवास पुनर्रचना कक्ष बसला होता. जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्या दोन वर्षांपूर्वी परिषदेच्या ताब्यात आल्या होत्या. कोणती फेरी ठेवायची, कोणती बंद करायची, हे ठरवण्यासाठी आधी माणसं मोजायची होती. ते काम शर्वरी जगदाळे हिचं. वय सव्वीस, शिक्षण भौतिकशास्त्रात एम.एस्सी., नेमणूक कंत्राटी. फैयाज तिचा तंत्रज्ञ. दहा वर्षांपूर्वी गावोगावच्या ग्रामपंचायतींना इंटरनेट देणारी काचतंतूची केबल रस्त्याकडेला पुरली गेली, तेव्हा खड्डे मोजायला तोच उभा होता.

त्याच केबलला आता कान फुटले होते. कल्पना साधी होती. केबलच्या एका टोकातून सेकंदाला दोन हजार वेळा लेसरचा एक बारीक ठिपका आत सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात अणूंचे सूक्ष्म उंचवटे-खळगे असतातच. त्यांवर आपटून प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. वरच्या मातीवर कुणी पाऊल टाकलं की माती दबते, केबल एका मीटरच्या काही अब्जांश भागाने ताणली जाते आणि मागे फिरलेल्या प्रकाशाची लय तेवढ्यापुरती चुकते. प्रकाश किती वेळाने परतला यावरून लय कुठे चुकली ते कळतं. साकरगडहून उंबरधार अडतीस किलोमीटर. दर दहा मीटरला एक असे या रस्त्याला तीन हजार आठशे कान होते. बैलगाडी कशी उमटते, मोटारसायकल कशी, माणूस कसा आणि शेळी कशी, हे संगणक आठवड्याभरात शिकला.

गाडीतली माणसं मोजणं तर त्याहून सोपं. बस हवेच्या फुग्यांवर टेकलेली असते. फुग्यांतला दाब वाढला की वजन कळतं.

दोन्ही यंत्रं बरोबर होती. शर्वरीने ती तीनदा तपासली होती. दोन बरोबर यंत्रं वेगवेगळं सांगत असतील तर मधे काहीतरी तिसरं असतं, हे तिला पदार्थविज्ञानाने शिकवलं होतं. शंभर वर्षांपूर्वी अणूच्या एका प्रयोगात ऊर्जेचा मेळ बसेना, थोडी कमीच पडे. तेव्हा एकाने धीर करून म्हटलं, की न दिसणारा एक कण ती घेऊन जात असणार. पंचवीस-सव्वीस वर्षांनी तो कण सापडला. शर्वरीला पंचावन्न माणसं त्याहून लवकर शोधायची होती. महिनाअखेरीस अहवाल द्यायचा होता.

एक गोष्ट मात्र तिने फैयाजला सांगितली नव्हती. गाडीतळाच्या आधी शाळा होती. शाळेपासून गाडीतळापर्यंत तीनशे चाळीस मीटर, म्हणजे चौतीस कान. रोज पाचच्या सुमाराला त्या चौतीस कानांतून एक पाऊल जात असे. उजवं भक्कम, डावं हलकं. टाच टेकायच्या आधीच उचललेली. बारा वर्षांपूर्वी गाडीच्या पायरीवरून पडून ज्याची डावी टाच मोडली होती, अशा माणसाचं पाऊल. ते तिला शाळेत असल्यापासून पाठ होतं. रविवारी संध्याकाळी ते घराबाहेर जाई आणि पुढच्या शनिवारपर्यंत दुपारच्या दोन-तीन तासांपुरतंच घरात वाजे.

तिचे वडील, दिनकर जगदाळे, उंबरधारच्या मुक्कामी गाडीचे वाहक होते.

*

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन तिथेच थांबणारी आणि पहाटे परतणारी गाडी. शनिवारची रात्र सोडली तर ती रोज उंबरधारला असे. चालक-वाहक शाळेत झोपत आणि गाव त्यांना पाळीने जेवू घाली. वाहकाला तिथे सगळे मास्तर म्हणत. इतर वाहक मुक्काम टाळत. दिनकरअप्पा बावीस वर्षं मागून घेत आले होते.

रविवारी दुपारी ते जेवायला बसले होते. शर्वरीने वरणाची वाटी पुढे सरकवत सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पा, उंबरधारला सकाळी गाडीत माणसं किती असतात हो?"

"आठ-नऊ-दहा."

"आणि गाडीतळावर?"

अप्पांचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. केबल ऐकते."

"काय ऐकते?"

"पावलं."

अप्पांनी भात कालवायला घेतला. "माझीपण?"

शर्वरीने होकारार्थी मान हलवली.

"बरं झालं बाई," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "निदान सरकारी तारेला तरी ह्यांचा पत्ता असतो. माझ्यापेक्षा उंबरधारच्या बायकांनी ह्यांना जास्त जेवायला घातलंय. बावीस वर्षं. एकदा म्हणाले नाहीत, चल, दाखवतो कुठं राहतो ते."

"तू येतेस होय! बाजाराला तरी येतेस का माझ्याबरोबर?"

"येते की. तुम्ही वीस पावलं पुढे, मी अहो थांबा, अहो थांबा करत मागे. त्याला बरोबर म्हणतात?"

शर्वरी हसली, पण तिचं लक्ष अप्पांकडे होतं. "कुठे जातात ती माणसं, अप्पा?"

"त्या अहवालात काय लिहिणार आहेस, ते आधी सांग."

"वीसपेक्षा कमी प्रवासी असतील तर फेरी बंद. तिच्या जागी हाकगाडी. सहा जणांची, बिनचालकाची, फोनवरून हाक मारली की येते. विजेवर चालते, म्हणून मुक्कामाला थांबत नाही, बॅटरी भरून घ्यायला परत येते."

"आणि वाहक?"

"वाहक नसतो."

अप्पांनी ताटात पाणी सोडलं. "तुला मोजायचंच असेल तर तारेत कान घालून बसू नकोस. येऊन मोज."

खरं सांगायचं तर गाडी बंद व्हावी असं शर्वरीला लहानपणापासून वाटत आलं होतं. आईने झाकून ठेवलेलं ताट तिने पुष्कळदा पाहिलं होतं. गाडी बंद झाली तर निवृत्तीआधीचे सहा महिने अप्पांना आगारात काम मिळालं असतं आणि ते रोज संध्याकाळी घरी आले असते. हे आठवून ती स्वतःच्या आकड्यांकडे दुप्पट संशयाने बघे.

*

ती गेली. संध्याकाळच्या गाडीने साडेसातला उंबरधारला उतरली. शाळेच्या भिंतीवर खडूने जेवणाच्या पाळ्या लिहिल्या होत्या, आणि त्या दिवशीची पाळी सरपंच कोंडाबाई शेडगे यांची होती.

"मास्तरांची ल्येक व्हय तुमी?" कोंडाबाईंनी भाकरी वाढता वाढता तिला निरखलं. "नाक मास्तरांचंच हाय. पण अंगानं लईच वाळल्या. तारंचं काम करता म्हनून तारंगत व्हायाचं आसतंय का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला शर्वरी वही घेऊन गाडीच्या दारापाशी उभी राहिली. दिवे लागलेली गाडी, तिच्या दाराशी अप्पा. पाच दहाला पहिली बाई आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता.

"मास्तर, पोरगीला सांगा, खाली बेसन हाय, वर भात. उलटं धरू नगं."

"नववीची सुरेखा ना? उलटंच धरते ती," अप्पा म्हणाले आणि आत जाऊन डबा अकरा नंबरच्या आसनावर ठेवून आले.

मग रांगच लागली. गोळ्यांची रिकामी पट्टी पुढे करून एक म्हातारा म्हणाला, "हीच. रंग बदलला तर घेऊ नका." एकाने मोटारपंपाचा फुटका पट्टा दिला, एकाने दांडी मोडलेला चष्मा. "पोराच्या मास्तरांना सांगा, तो खोटा आजारी आहे," असा निरोप सांगून एक बाप मोकळा झाला. अप्पा काहीही लिहून घेत नव्हते. प्रत्येक वस्तू ते एका आसनावर ठेवत. अकरा ते अठरा मुलींचं वसतिगृह, एकोणीस ते पंचवीस मुलांचं, सव्वीस-सत्तावीस औषधाचं दुकान, तीस म्हणजे चष्मेवाला, एकतीस पंपवाला. चव्वेचाळीस आसनांची गाडी म्हणजे टपालाच्या खणांचं कपाटच झालं होतं. नऊ प्रवासी पुढच्या आसनांवर आपापले बसले होते. अकरापासून पुढे कुणी बसायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

"निरोप कुठे ठेवता?" शर्वरीने विचारलं.

"चाळीसच्या पुढे. त्या आसनाकडे बघितलं की आठवतो."

"आणि हे सगळं रात्रीच का घेत नाही? तुम्ही इथेच तर असता."

रांगेत उभ्या असलेल्या कोंडाबाई ओठ पुसत म्हणाल्या, "रातीचा डबा सकाळी आंबतो, आन् रातीचा निरोप सकाळी फिरतो. रातीत भांडान मिटतं, ताप उतरतो. म्हनून निरोप पहाटंचाच धरायचा, आसं हाय इथं."

गाडी सुटायच्या आधी शर्वरीने वहीत बेरीज केली. डबे तेवीस. गोळ्यांच्या पट्ट्या नऊ. चिठ्ठ्या आठ. दुरुस्तीच्या वस्तू सात. तोंडी निरोप सहा. काहीही न देता नुसते उभे राहिलेले दोन. एकूण पंचावन्न.

पाच चव्वेचाळीसला गाडी हलली. ती मागच्या काचेतून बघत होती. गाडीतळाच्या मागून एक पायवाट ओढ्याकडे, खालच्या शेतांकडे उतरत होती. पंचावन्न माणसं विळे, टोपल्या घेऊन त्या वाटेने खाली गेली. त्या वाटेवर केबल नव्हती.

"अप्पा, हे नियमात बसतं?"

"नाही. नोंद न केलेली वस्तू गाडीत घ्यायची नाही. कलम चौदा." अप्पा अकरा नंबरवरचा डबा सरळ करत म्हणाले. "म्हणून तर तुला सांगत नव्हतो."

*

अहवालाच्या नमुन्यात रकाना एकच होता: प्रवासी.

"चौसष्ट लिहा की," फैयाज म्हणाला. "केबल चौसष्टच म्हणते. खोटं काय त्यात? फेरी वाचेल, अप्पा वाचतील, कोंडाबाई तुम्हाला दरवर्षी तांदूळ पाठवतील."

"ते प्रवासी नाहीत, फैयाज."

"मग नऊ लिहा. फेरी जाईल, अप्पा घरी येतील."

शर्वरीने त्याच्याकडे पाहिलं. तो गंमतच करत होता, पण दोन्ही वाक्यं तिला आतून ओळखीची होती. तिने नऊ लिहिलं. खाली टीप जोडली: पंचावन्न व्यक्ती गाडीतळावर येतात, प्रवास करत नाहीत, कारणाचा अभ्यास हवा, तोपर्यंत कायमचा निर्णय नको, एकवीस दिवसांची चाचणी घ्यावी.

कक्षप्रमुख निवेदिता सामंत यांनी टीप दोनदा वाचली. हिशोबी, भराभर बोलणारी बाई. "चाचणी मान्य. एकवीस दिवस मुक्कामी बंद, हाकगाडी चालू. जगदाळे, तुमचे वडील याच फेरीवर आहेत ना?"

"हो मॅडम."

"तरी नऊ लिहिलंत?"

"नऊच होते."

आदेश निघाला त्या संध्याकाळी अप्पा घरी आले, खुंटीला पिशवी अडकवली आणि म्हणाले, "माझ्या मुलीनं मला वजा केलं." ते आईला म्हणाले, शर्वरीला नाही. पुढचे एकवीस दिवस ते रोज घरी होते. संध्याकाळी सहाला अंगणात येऊन उभे राहत, गाडी सुटायच्या वेळेला, आणि मग आत जात. आईने तीन-चार दिवस हौसेने गोडधोड केलं. पाचव्या दिवशी ती शर्वरीला हळूच म्हणाली, "माणूस घरात आहे, पण अजून पोचला नाही गं."

*

चाचणीचे आकडे आले तेव्हा कार्यालयात पेढे वाटले गेले. उंबरधारहून रोज सकाळी नऊ माणसं जायची, ती आता सरासरी सेहेचाळीस जाऊ लागली होती. पाचपट! परिषदेच्या सभापतींनी दूरध्वनी करून सामंत मॅडमचं अभिनंदन केलं आणि हीच योजना सगळ्या घाटमाथ्याला लावा म्हणून सांगितलं.

शर्वरीने पेढा कागदावर ठेवला आणि केबलकडे वळली. साकरगड शहरातही केबल होतीच. उंबरधारची माणसं हाकगाडीतून उतरली की कुठे जातात, हे तिला बघायचं होतं. नावं नको होती, फक्त पावलं.

नऊ माणसं पूर्वीसारखीच दिवसभराच्या कामाला गेली. उरलेली सदतीस माणसं वसतिगृहाच्या फाटकापर्यंत, औषधाच्या दुकानापर्यंत, पंपवाल्यापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. शहरातला त्यांचा सरासरी वेळ चौदा मिनिटं. त्यासाठी जाता-येता प्रवास एकशे दहा मिनिटं, आणि हाकगाडीची वाट बघणं अडतीस मिनिटं. माणशी एकशे बासष्ट मिनिटं. सदतीस माणसांचे मिळून रोजचे शंभर तास.

पंचावन्नातून सदतीस वजा केली. अठरा उरली. ती अठरा माणसं गाडीतळावर येईनाशी झाली होती. त्यांची गोळ्यांची पट्टी, त्यांचा निरोप कुठल्याच यंत्रावर उमटत नव्हता. तिने वसतिगृहात जाऊन विचारलं. तेवीस डब्यांपैकी चौदा येत होते.

ती खुर्चीत मागे रेलली. आपण सगळ्यांनी एकच गोष्ट मोजली, झालेला प्रवास. पण ती जुनी गाडी दुसरंच काहीतरी करत होती. ती प्रवास होऊ देत नव्हती. नऊ माणसं हलवून चौसष्टांची कामं करत होती. गर्दी पाचपट झाली ती सोय वाढली म्हणून नव्हे, सोय गेली म्हणून. जे घडलं नाही ते मोजायला नमुन्यात रकानाच नव्हता.

"फैयाज," ती म्हणाली, "न दिसणारा कण सापडला."

"कुठं?"

"आसन क्रमांक अकरा ते चव्वेचाळीस."

आता अडचण एकच होती. हे मांडायचं तर त्या वस्तू आणि निरोप कोण नेत होतं ते सांगावं लागणार होतं.

अप्पा ओसरीवर बसले होते. ती समोर जाऊन बसली. "अप्पा, उद्या सभेत सगळं मांडणार आहे. तुमचं नाव येईल. कलम चौदा लागेल."

अप्पा तिच्याकडे बघायला तयार नव्हते. "आधी वजा केलंस, आता काय भागाकार?"

"आधी मला माहीत नव्हतं काय मोजायचं. आता आहे. तुम्ही नको म्हणालात तर नाव काढते. पण मग आसनांची पद्धत सांगता येणार नाही, आणि ती नसेल तर सभेला वाटेल मी रचलंय."

आई दारात येऊन उभी होती. मग अप्पा उठले, आतून जुन्या दिनदर्शिकेचं पान आणलं आणि पाठकोऱ्या बाजूवर चव्वेचाळीस चौकोन आखले. प्रत्येकात लिहीत गेले. वसतिगृह. औषध. चष्मा. तास गेला. शेवटी खाली सही केली.

"नाव नीट लिही. दि. बा. जगदाळे, वाहक क्रमांक तीन एक एक सात. बा विसरू नकोस, आगारात दुसरा एक दिनकर जगदाळे आहे. उगाच त्याला नोटीस जाईल."

*

सभेत शर्वरीने पान पडद्यावर लावलं, शेजारी शंभर तासांचा आकडा लावला आणि सहा मिनिटं बोलली.

"म्हणजे गाडीत न बसलेली माणसंही प्रवासी धरायची?" सामंत मॅडमनी विचारलं. "उद्या प्रत्येक गाव म्हणेल, आमच्याकडेही पन्नास जण बसत नाहीत."

लोक हसले. शर्वरीही हसली. "प्रवासी नऊच धरा, मॅडम. दुसरा रकाना काढा: टळलेला प्रवास. तो मोजता येतो. गाडीतळावर किती आले, किती चढले, आणि गाडी बंद असताना किती चढले. तीन आकडे. पन्नास जण खरंच येत असतील तर केबल सांगेल. येत नसतील तर तेही सांगेल."

"आणि केबल कोणाचं पाऊल कुठलं हेही सांगेल?"

प्रश्न मागच्या रांगेतून, एका सदस्याकडून आला होता. शर्वरी तिकडे वळली. "सांगू शकते. मी एक पाऊल ओळखलं होतं. म्हणूनच ओळखायची आज्ञावली बंद करावी, असं टिपणात लिहिलंय. मोजायचं, ओळखायचं नाही."

सामंत मॅडमनी पानावरचे चव्वेचाळीस चौकोन बराच वेळ पाहिले. "चाळीसच्या पुढे निरोप," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग टाचण लिहिलं. मुक्कामी फेरी चालू. हाकगाडी दुपारी, जादा म्हणून. वस्तू आणि निरोप हे वाहकाच्या कामात धरावेत. नवा रकाना आणखी अकरा मुक्कामी फेऱ्यांवर तपासावा. वाहक क्रमांक ३११७ यांना कलम चौदाच्या भंगाबद्दल समज द्यावी.

समजेचा कागद अप्पांनी घडी घालून पाकिटात ठेवला. बरेच दिवस ते तो लोकांना काढून दाखवत.

*

चार महिन्यांनी अप्पा निवृत्त झाले. मुक्कामी गाडीवर हर्षदा लोखंडे नावाची नवी वाहक आली. पहिल्याच दिवशी तिने घरी येऊन चव्वेचाळीस चौकोनांचं पान मागितलं.

"पानानं येत नाही ते," अप्पा म्हणाले. "पहिल्या मुक्कामाला मी येतो."

"यालाच निमित्त म्हणतात," आई म्हणाली.

"मग तूही चल. कोंडाबाईंची पाळी आहे. गेली बावीस वर्षं विचारतायत, वहिनी कधी येणार."

आईने शर्वरीकडे पाहिलं, मग अप्पांकडे. "मी तुमच्या मागून धावणार नाही, आधीच सांगते."

संध्याकाळी दोघं गाडीने गेली. आईने जाताना हर्षदासाठीही भाकरी बांधून घेतली होती. मुक्काम शाळेतच होता.

दुसऱ्या दिवशी शर्वरी पावणेपाचला कक्षात येऊन बसली. नव्या रकान्याची ती पहिली अधिकृत सकाळ होती, वेळेवर नोंद घ्यायला हवी होती. फैयाजने चहा आणून ठेवला. ओळखायची आज्ञावली बंद होती. पडद्यावर नुसत्या करड्या रेघा होत्या, पाऊल पडलं की एक ठिपका. डोळ्यांना मात्र आज्ञावली नसते.

पाच वाजून दोन मिनिटांनी शाळेजवळच्या पहिल्या कानात ठिपके उमटले. एक भक्कम, एक हलका, टाच टेकायच्या आधी उचललेला. त्याच्यालगत आखूड, झपझप पडणारी दुसरी पावलं.

तिने वही उघडली.

पाच दोन ते पाच बेचाळीस: आलेले, सहासष्ट. चढलेले, अकरा. शाळा ते गाडीतळ, तीनशे चाळीस मीटर, चौतीस कान. दोन्ही पावलं एकाच वेळी एकाच कानात: चौतीसपैकी चौतीस.